जागल्या आणि साक्षी : परीक्षा-पर्यवेक्षकाच्या इतिहासाची काही पाने

परीक्षेविषयी आपण बोलतो तेव्हा साधारणतः तीन पात्रांविषयी बोलतो : प्रश्न काढणारा, उत्तर लिहिणारा आणि गुण देणारा. चौथे पात्र तीन तास बाकांच्या रांगांमधून फिरत असते, पण परीक्षेच्या इतिहासात त्याला क्वचितच जागा मिळते. मुंबई विद्यापीठाच्या व्यवहारात त्याला ‘ज्युनिअर सुपरवायझर’ म्हणतात. वीस वर्षे शिकवून झालेला प्राध्यापकही परीक्षेच्या दिवशी ज्युनिअरच असतो. शालान्त मंडळाच्या भाषेत तो ‘पर्यवेक्षक’ होतो. बैठक क्रमांक तपासणे, उत्तरपत्रिकेवर सही करणे, पुरवण्यांची नोंद ठेवणे, गैरहजरांचे क्रमांक लिहिणे आणि शेवटच्या घंटेला उत्तरपत्रिका मोजून घेणे, एवढेच त्याचे काम. आम्ही सारे हे काम दरवर्षी करतो आणि बहुतेक वेळा कंटाळत करतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्रश्नपत्रिका काढणे आणि उत्तरपत्रिका तपासणे यांच्याबरोबर या देखरेखीलाही प्राध्यापकाच्या गुणांकनात स्थान दिले होते. या साऱ्या परीक्षाकार्याला मिळून कमाल गुण होते पंचवीस. हे काम नेमके कसले आहे, हा प्रश्न मात्र त्या रकान्यात मावणारा नव्हता.

प्रश्न असा : पर्यवेक्षक पहारा करतो की साक्ष देतो? इंग्रजीत या कामासाठी जो शब्द रूढ आहे त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘जागे राहणे’ ही क्रिया आहे. आपल्याकडील गावगाड्यात रात्री राखण करणारा ‘जागल्या’ त्याच्या जवळचा. उलट ‘साक्षी’ हा संस्कृत शब्द ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले त्याच्यासाठी आहे. जागल्याची नजर चोराला शोधत असते. साक्षीची नजर जे घडले ते पाहून ठेवते आणि पुढे विचारले गेल्यास सांगते. एकाच माणसाच्या अंगी ही दोन्ही कामे आली आणि दीडशेहून अधिक वर्षांत पारडे हळूहळू जागल्याकडे झुकत गेले, असे आम्हांला वाटते. या झुकण्याची किंमत काय, हे पाहण्यासाठी आम्ही या लेखात पुण्याच्या रमण्यापासून तळोजाच्या कारागृहापर्यंत जाणार आहोत. पनवेल तालुक्यातील तळोजा आम्ही मुद्दाम निवडले आहे, कारण ‘पाहणे’ या क्रियेचे दोन अर्थ तेथे एकमेकांशेजारी उभे राहतात.

समोरासमोरची परीक्षा

तोंडी परीक्षेला पर्यवेक्षक लागत नाही. परीक्षक समोर बसलेला असतो. उत्तर कोण देत आहे, कसे देत आहे, कोठे अडखळत आहे, हे तोच पाहतो आणि तोच ऐकतो. पेशवाईत श्रावणात वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. खंडेराव दाभाड्यांनी तळेगावास सुरू केलेली ही प्रथा पुढे पेशव्यांनी पुण्यात चालवली. त्या प्रथेत दोन वेगळे व्यवहार होते. नामांकित शास्त्री-पंडितांची विद्वत्ता जाणकार शास्त्र्यांपुढे पारखली जाई आणि त्याप्रमाणे दक्षिणा ठरे. उरलेल्या मोठ्या समुदायाला पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात घेत. एकाच माणसाने दोनदा हात पुढे करू नये म्हणून रमण्याच्या दरवाजांवर बंदोबस्त असे. म्हणजे विद्वानांची परीक्षा होई आणि गर्दीवर पहारा असे. परीक्षेच्या ठिकाणी पहारा नव्हता आणि पहाऱ्याच्या ठिकाणी परीक्षा नव्हती. या व्यवस्थेत परीक्षेचा अधिकार जन्मानेच मर्यादित केलेला होता, हे विसरून तिचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच नोंदवायचे आहे की पर्यवेक्षक नावाचा माणूस तेथे नव्हता, कारण त्याची गरज नव्हती.

ही गरज निर्माण होते ती परीक्षक आणि परीक्षार्थी एकमेकांपासून दूर केले जातात तेव्हा. चीनच्या राजसेवेच्या परीक्षांमध्ये हे फार पूर्वी घडले. सोंग राजवटीत उत्तरपत्रिकेवरील नाव झाकण्याची आणि पुढे संपूर्ण उत्तर दुसऱ्या लेखनिकाकडून नकलून घेण्याची पद्धत आली. परीक्षकाला नाव तर नाहीच, हस्ताक्षरही ओळखता येऊ नये, हा उद्देश. परीक्षक असा आंधळा केल्यावर कोणीतरी डोळस असणे भाग होते. नानजिंगच्या परीक्षागृहात पुढील काळात वीस हजारांहून अधिक कोठड्या झाल्या. त्यांच्या मध्यभागी देखरेखीसाठी मनोरा होता. ही परीक्षापद्धती १९०५ साली रद्द झाली, पण तिच्यातील मूळ सूत्र जगभर गेले : परीक्षकाने माणूस पाहू नये आणि पर्यवेक्षकाने उत्तर तपासू नये. एकाकडे न्याय, दुसऱ्याकडे साक्ष. आजही आपली लेखी परीक्षा या विभागणीवर उभी आहे.

आधी परीक्षा, मग अध्यापन

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारलेले हे विद्यापीठ आरंभी शिकवत नव्हते. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांचे. विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदव्या देई. अध्यापनाचे अधिकार विद्यापीठांना मिळाले ते १९०४ च्या कायद्याने. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक आपले विद्यापीठ ही मूलतः परीक्षा घेणारी संस्था होती. पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली आणि १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले पदवीधर झाले. या चार नावांचे चरित्रकार त्यांचे गुरू कोण होते हे सांगतात. विद्यापीठाचा आणि या चौघांचा प्रत्यक्ष संबंध मात्र आला तो परीक्षेच्या दालनात. विद्यापीठाच्या वतीने विद्यार्थ्याला पाहणारा माणूस होता तो पर्यवेक्षकच. आपल्याकडील आधुनिक विद्यापीठात प्राध्यापकाच्या आधी पर्यवेक्षक आला, असे म्हटले तर ते केवळ चमत्कृतीपूर्ण विधान ठरू नये.

रमण्यात वेगवेगळे असलेले दोन व्यवहार या नव्या व्यवस्थेत एकत्र आले. आता गर्दीचीच परीक्षा होती. कोणत्याही जातीचा, कोणत्याही गावचा मुलगा फी भरून मॅट्रिकला बसू शकत होता, निदान कागदावर तरी. परीक्षक त्याला पाहत नव्हता, त्यामुळे जात पाहून गुण देण्याची सोय कमी झाली होती. पण न पाहता दिलेल्या गुणांना अर्थ केव्हा येतो? हा कागद याच मुलाने, याच वेळात, याच ठिकाणी बसून लिहिला असे सांगणारा कोणी असेल तेव्हा. उत्तरपत्रिकेवरील पर्यवेक्षकाची सही म्हणजे हे सांगणे होय. ज्या समाजात ‘हा शिकूच शकत नाही’ असे जन्मावरून ठरवले जात होते, तेथे ‘हे यानेच लिहिले आहे, मी पाहिले आहे’ असे सहीनिशी सांगणे ही लहान गोष्ट नव्हती.

देखरेखीखाली बसण्याचा हक्क

हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो तो नाशकात १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांच्या उदाहरणाने. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. गुण उत्तम असूनही विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना स्त्री म्हणून नाकारली गेली. मित्रांनी आणि हितचिंतकांनी जमवलेल्या पैशांवर त्या १८८९ साली ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये गेल्या आणि १८९२ साली कायद्याच्या परीक्षेला बसल्या. त्या वेळी प्रश्न उभा राहिला तो बसण्याच्या जागेचा. त्यांनी सॉमरव्हिलमध्येच वेगळे बसून उत्तरे लिहावीत, असा तोडगा पुढे आला. प्रश्न तेच, वेळ तोच, परीक्षकही तेच. सोराबजींनी तो मानला नाही. पुरुष विद्यार्थी जेथे बसतात त्याच दालनात बसण्याचा आग्रह त्यांनी धरला आणि अखेर परीक्षेच्या तोंडावर विद्यापीठाला त्यासाठी खास ठराव करावा लागला. पदवी प्रत्यक्ष हातात पडायला मात्र १९२२ साल उजाडले, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास सुरुवातच १९२० साली केली.

सोराबजींनी कशासाठी हट्ट धरला होता? वेगळ्या खोलीत लिहिलेल्या उत्तरांवर पुढे कोणीही बोट ठेवू शकले असते. बाईंना मदत मिळाली असेल, बाईंना सवलत दिली असेल, असे म्हणायला जागा राहिली असती. सर्वांबरोबर, सर्वांसारख्याच नजरेखाली बसणे हे त्यांच्या यशाचे संरक्षण होते. देखरेख ही आपण सहसा बंधन समजतो. येथे ती हक्क म्हणून मागितली गेली. परीक्षेच्या इतिहासात या प्रसंगाला आम्ही मोठे स्थान देऊ, कारण पर्यवेक्षकाचे काम परीक्षार्थीच्या बाजूने कसे असते हे त्यात नेमके दिसते. ज्याच्यावर विश्वास ठेवायला समाज तयार नसतो, त्याला साक्षीदाराची गरज सर्वांत अधिक असते.

पथकांचा काळ

स्वातंत्र्योत्तर काळात शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून मंडळाकडे गेली. महाराष्ट्राचे सध्याचे मंडळ १९६५ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले. शाळा खेडोपाडी पोहोचल्या, परीक्षार्थींची संख्या वाढत गेली आणि दहावी-बारावीचे गुण हे नोकरीचे, प्रवेशाचे, पुष्कळदा लग्नाचेही भांडवल झाले. त्याबरोबर ‘कॉपी’ हा शब्द मराठीत इतका मुरला की त्याला पर्यायी मराठी शब्द शोधण्याची गरज कोणाला भासली नाही. १९८२ साली विद्यापीठ, मंडळ आणि इतर विनिर्दिष्ट परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा झाला. जी गोष्ट तोवर शिस्तभंगाची होती ती फौजदारी गुन्हा झाली. पर्यवेक्षकाच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. आतापर्यंत त्याने पाहिलेले विद्यापीठाला सांगायचे होते, यापुढे ते पोलिसांनाही सांगावे लागणार होते.

भरारी पथके, बैठी पथके, दक्षता समित्या ही शब्दावली याच मार्गावरची. नांदेड जिल्ह्यात २०१० च्या सुमारास तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची जी मोहीम चालवली, तिची चर्चा राज्यभर झाली. महसूल खात्यापासून पोलिसांपर्यंत सारी यंत्रणा तीत उतरली. निकाल घसरले आणि आधीच्या निकालांत खरे किती होते याचा अंदाज सर्वांना आला. या मोहिमेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्या मुलाची अशा केंद्रावर सर्वाधिक फसवणूक होत असते, आणि ती थांबवणे आवश्यकच होते. परंतु तिचा दुसरा अर्थही वाचला पाहिजे. वर्गात शिक्षक उभा असताना तहसीलदाराला यावे लागते, याचा अर्थ शिक्षकाच्या साक्षीवरचा समाजाचा भरवसा संपलेला असतो.

पुढची पावले त्याच दिशेने पडली. पंचवीस प्रश्नपत्रिकांचे मोहोरबंद पाकीट परीक्षा कक्षात, विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन उघडण्याची पद्धत आली. एका अर्थी ही सुंदर व्यवस्था आहे, कारण येथे विद्यार्थीच पर्यवेक्षकाचा साक्षीदार होतो. २०२३ साली प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी देण्याची सवलत बंद झाली, कारण त्या दहा मिनिटांत ती मोबाइलवरून बाहेर जात असल्याचे प्रकार समोर आले होते. ती दहा मिनिटे नंतर परीक्षेच्या शेवटी देण्यात आली. २०२५ च्या परीक्षेपूर्वी सर्वच केंद्रांवर बाहेरच्या शाळांतील केंद्रसंचालक व पर्यवेक्षक नेमण्याचा निर्णय मंडळाने जाहीर केला. शिक्षण क्षेत्रातून विरोध झाल्यावर तो २०१८, २०१९, २०२०, २०२३ आणि २०२४ या वर्षांत जेथे गैरप्रकार आढळले होते अशा केंद्रांपुरता मर्यादित करण्यात आला. जागल्यावर नजर ठेवायला दुसरा जागल्या आला. दुसऱ्यावर कोण, हा प्रश्न या मार्गाने कधीच संपत नाही.

साक्षीदार नसतो तेव्हा

साक्षीदाराचे महत्त्व तो नसताना कळते. महाराष्ट्राने असे दोन प्रसंग पाहिले आहेत. पहिला २०१३ सालचा. थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्या प्राध्यापकांचे प्रश्न यांसाठी प्राध्यापक महासंघाने फेब्रुवारी ते मे या काळात विद्यापीठीय परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला. या काळातील ७१ दिवसांचे वेतन रोखले गेले आणि तो वाद पुढे अनेक वर्षे चालला. आमच्या पिढीतील प्राध्यापकांच्या मनात या बहिष्काराविषयी एकमत नाही आणि ते असण्याची गरजही नाही. त्यातून एक गोष्ट मात्र उघड झाली. एरवी ज्या कामाला आपण दुय्यम, कारकुनी, कंटाळवाणे मानतो, ते थांबले की सारे विद्यापीठ अडते. पाठोपाठ दुसरीही गोष्ट उघड झाली : वर्गात उभे राहायला दुसरी माणसे मिळू शकतात. मग प्राध्यापकाने तेथे उभे राहण्याचे वेगळेपण काय? ज्याने शिकवले आहे त्याला लिहिणाऱ्याची धडपड कळते, हेच ते वेगळेपण. प्रश्न वाचून गोठलेला विद्यार्थी आणि चिठ्ठी काढण्याची संधी शोधणारा विद्यार्थी हे दोघेही खाली मान घालूनच बसलेले असतात. त्यांतला फरक अध्यापकाच्या सरावलेल्या नजरेला लवकर दिसतो.

दुसरा प्रसंग महासाथीचा. २०२१ साली दहावीची लेखी परीक्षा झालीच नाही. अंतर्गत मूल्यमापनावर लागलेला निकाल ९९.९५ टक्के होता. २०२२ साली ‘शाळा तेथे केंद्र’ या व्यवस्थेत तो ९६.९४ टक्के लागला आणि २०२३ साली नेहमीची पद्धत परतल्यावर ९३.८३. या आकड्यांमागे अभ्यासक्रमातील कपात, वाढीव वेळ अशी इतरही कारणे आहेत, त्यामुळे केवळ देखरेखीशी त्यांचे गणित जोडणे योग्य होणार नाही. लक्षात राहण्यासारखी आहे ती निकालानंतरची गोष्ट. ‘कोरोना बॅच’ असा शिक्का त्या मुलांवर बसला. त्यांच्यात मनापासून अभ्यास केलेले पुष्कळ होते. परंतु ‘यांनी हे स्वतः लिहिले’ असे सांगणारा त्यांच्यामागे कोणी उभा नव्हता. सोराबजींना वेगळ्या खोलीची जी भीती वाटत होती, ती या मुलांच्या वाट्याला त्यांचा काहीही अपराध नसताना आली.

तळोजा

आता तळोजाकडे वळू. मुंबईच्या परिघावरील हे गाव औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. सिडकोच्या वसाहती आणि बेलापूर-पेंधर मार्गावर नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली मेट्रो यांमुळे ते आता नवी मुंबईचाच भाग वाटते. त्याची दुसरी ओळख येथील मध्यवर्ती कारागृहाची. बंदी शिकतात, परीक्षा देतात, पदव्या मिळवतात, ही गोष्ट महाराष्ट्रात नवी नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांच्यामुळे राज्यातील काही कारागृहांत अभ्यासकेंद्रे चालली आहेत. तळोजा कारागृहातील एका न्यायाधीन बंद्याला विधी महाविद्यालयात रीतसर जागा मिळाली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला प्रवेश घेण्याची मुभा दिली. वर्गातील उपस्थितीची अट हा माणूस कशी पाळणार, असा आक्षेप होता. नियमाप्रमाणे मिळालेली जागा नाकारणे म्हणजे मूलभूत हक्काचा भंग होय, असे न्यायालयाने मानले.

कारागृहात पाहणाऱ्यांची वाण नसते. दरवाजावर, मनोऱ्यावर, बराकीच्या जाळीपलीकडे कोणीतरी अहोरात्र पाहत असते. ती नजर बंद्याविषयी एकच गोष्ट नोंदवते : तो जागेवर आहे, पळालेला नाही. त्याने आज काय वाचले, काय समजून घेतले, याच्याशी तिला कर्तव्य नसते. अशा ठिकाणी बंदी परीक्षेला बसतो आणि पर्यवेक्षक त्याच्या उत्तरपत्रिकेवर सही करतो, तेव्हा तीन तास आणखी एक नजर त्याच्यावर असते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतील : एक माणूस बसलेला, दुसरा उभा राहून पाहत असलेला. पहिली नजर त्याच्याविरुद्ध असते किंवा फार तर उदासीन असते. दुसरी त्याच्या वतीने बोलणार असते. त्याच्यावरील आरोप खरा की खोटा हे पर्यवेक्षकाला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नसते. हे उत्तर याने लिहिले आहे, एवढेच त्याला माहीत असते, आणि ज्या माणसाच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवायला तयार नाही त्याच्यासाठी तेवढे पुष्कळ असते.

याचा आम्हां अध्यापकांशी संबंध आहे. आमच्या वर्गखोल्यांतील देखरेख आता कारागृहाच्या पहिल्या नजरेकडे सरकत आहे. कॅमेरे वाढत आहेत, कायदे कडक होत आहेत, केंद्र सरकारनेही सार्वजनिक परीक्षांसाठी २०२४ साली स्वतंत्र कायदा केला आहे. संघटित पेपरफुटीच्या काळात यांतील बऱ्याच गोष्टी अपरिहार्य आहेत, हे आम्ही मान्य करतो. कॅमेरा जागल्याचे काम आमच्याहून चांगले करील, कारण तो पेंगत नाही, ओळखीच्या मुलाकडे काणाडोळा करत नाही आणि गावातल्या पुढाऱ्याला घाबरत नाही. पण कॅमेरा साक्ष देत नाही. त्याचे चित्रण काढून पाहिले जाते ते संशय आला तरच. ज्या शेकडो मुलांनी सरळपणे, आपल्या कुवतीप्रमाणे उत्तरे लिहिली, त्यांच्याविषयी त्याला काहीही म्हणायचे नसते. त्यांच्यासाठी सही करणारा माणूसच लागतो.

पंचवीस उत्तरपत्रिकांवर पंचवीस सह्या करताना आपला हात यंत्रवत चालतो, हे प्रत्येक पर्यवेक्षकाला ठाऊक आहे. त्या सहीचा अर्थ ‘येथे कोणी पकडला गेला नाही’ असा लावायचा, की ‘हे यानेच लिहिले, मी पाहिले’ असा, हे कोणतेही परिपत्रक ठरवणार नाही. ते सही करणाऱ्यालाच ठरवावे लागेल. पहिला अर्थ आपण स्वीकारला तर उद्या आपली जागा यंत्राने घेतल्याबद्दल तक्रार करण्याचे कारण उरणार नाही. दुसरा स्वीकारला तर ते तीन तासही अध्यापनाचेच ठरतात, त्यात एक शब्दही बोलायचा नसला तरी.